बिंगी मॅडमनी स्वतःच मोडलेलं गणित

बिंगी मॅडम लग्नाला आल्या की यजमानांना आधी आनंद व्हायचा आणि थोड्या वेळानं काळजी वाटायला लागायची. आहेर देऊन झाला की त्या मांडवात बसायच्या नाहीत. बाहेर वरातीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. नाचणाऱ्यांच्या घोळक्यापासून जरा लांब, पर्स काखेत, मान डावीकडे कललेली, आणि उजव्या हाताची बोटं पर्सवर चाललेली. ओठ हलत असायचे. बाई मनातल्या मनात स्तोत्र म्हणतायत असंच बघणाऱ्याला वाटायचं. पण त्या मोजत असायच्या. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. वर्गात मराठीत शिकवायच्या, बाजारात दखनी उर्दूत घासाघीस करायच्या, पण मोजायच्या मात्र घरच्या तेलुगूत.

माझ्या पुतणीच्या लग्नात बँड थांबल्याबरोबर त्या थेट बँडमास्तरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही दुसऱ्या कडव्याआधी चार मात्रा खाल्ल्या."

बँडमास्तर क्लॅरिनेटची तोंडपट्टी पुसत होता. तो म्हणाला, "मॅडम, घोडा पुढं गेला होता की! घोड्याला कुठं मात्रा कळतात?"

सगळ्यात मोठ्यानं मॅडमच हसल्या. पुढचे आठ दिवस वर्गात त्या हाच किस्सा सांगत होत्या. म्हणायच्या, "मी घोडा धरलाच नव्हता हिशेबात."

माझ्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या कोण? ऑर्केस्ट्रावाल्या का?"

"आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात."

"मग असं का करतायत?"

मी विषय बदलला, कारण चारचौघांत मला त्यांची थोडी लाज वाटली. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो. मॅडमबद्दल लिहिताना स्वतःला बाजूला ठेवायचं मी ठरवलं आहे, पण जिथं माझा हात होता तिथं तो लपवणार नाही.

आम्ही दोघं एकाच खोलीत बसायचो. मी गणिताचा कायम शिक्षक, त्या तासिका तत्त्वावरच्या. म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या शिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची शिक्षकी बंद, उन्हाळ्यात बंद, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. असा अर्ज त्या माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी वर्षं करत होत्या. वडील गेले होते, घरात आजारी आई, आणि घर चालायचं ते ह्यांच्या तासांवर. कायमची ऑर्डर हवी, हे त्यांनी कधी लपवलं नाही. "मला ऑर्डर हवीय सर," त्या स्पष्ट म्हणायच्या, "पण ती मागताना मी मान खाली घालणार नाही. शिकवणं माझं चांगलं आहे."

आणि ते खरोखर चांगलं होतं. त्यांचा एक तास मी दाराबाहेर उभा राहून ऐकलेला आहे. अकरावीचा वर्ग, विषय भूमिती श्रेढी. मॅडमनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला उभं केलं.

"डीजेवाला गाणं चढवतो तेव्हा काय करतो रे?"

"हवा करतो मॅडम!"

"हवा म्हणजे काय? बाकावर वाजवून दाखव."

पोरगं आधी लाजलं, मग वाजवायला लागलं. सुरुवातीला संथ थापा. मग दुप्पट वेगानं. मग त्याच्या दुप्पट. शेवटी नुसता थरथराट झाला, आणि तो थांबल्याबरोबर, कुणीही खूण केली नसताना, अख्ख्या वर्गानं एकदम बाकावर हात आपटले. खिडकीतली कबुतरं उडाली. मॅडमनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, तिचा अर्धा भाग रंगवला, उरलेल्याचा अर्धा, मग त्याचा अर्धा.

"प्रत्येक टप्पा आधीच्याच्या निम्मा. असं निम्मं निम्मं करत गेलात तर संपेल कधी?"

"कधीच न्हाय मॅडम."

"मग शेवटचा ठोका पडतो कसा?"

मॅडमनी रेघेच्या टोकावर खडू आपटला.

"तुकडे संपत नाहीत, पण सगळ्या तुकड्यांची बेरीज ह्या रेघेच्या पुढं जात नाही. रेघ जिथं संपते तिथं तुम्ही उडी मारता. दर गणपतीत अनंत श्रेढीची बेरीज पायांनी बरोबर करता आणि परीक्षेत शून्य आणता. लाज वाटत नाही?"

पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. पण त्या तुकडीतल्या एकालाही ती बेरीज पुन्हा शिकवावी लागली नाही.

शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांच्या ह्या छंदाची टर उडायची. आमचे मराठीचे एक सर होते, गाण्याचे दर्दी. ते एकदा म्हणाले, "बिंगी मॅडम, मोजायचंच तर काही चांगलं मोजा. ही वरातीतली कर्णकर्कश गाणी कसली मोजता?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "सर, चांगलं काय नि वाईट काय ते तुम्ही ठरवा. शब्द बाजूला ठेवा, आवाज बाजूला ठेवा. मला एवढंच सांगा, रस्त्यावर शेकडो माणसं नाचत असतात, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, आणि सगळ्यांचे हात एकाच क्षणी वर जातात. तो क्षण त्यांना कुणी सांगितला?"

"सवय असते."

"सवय म्हणजे न लिहिलेलं गणितच की सर. मी फक्त ते लिहून काढते."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांचा जन्म शहराच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. घराला लागूनच वडिलांचा कारखाना, म्हणजे पत्र्याच्या शेडमधले चार यंत्रमाग. चारही मागांची चाल थोडी थोडी वेगळी. दिवसभर नुसता खडखडाट, पण मधूनच एखाद्या क्षणी चारही माग एकदम एकच ठोका द्यायचे, आणि पुन्हा पांगायचे. "अभ्यास सोडून मी त्या ठोक्याची वाट बघत बसायची," मॅडम म्हणाल्या. "शाळेत बाईंनी लसावि शिकवला, तेव्हा मी उठून म्हटलं, बाई, हा आमच्याकडं दिवसभर चालतो. बाईंनी मला बाकावर उभं केलं."

"मग?"

"मग काय? उभ्या उभ्या मोजलं."

आता मॅडमनी केलेल्या एका दाव्याबद्दल. वरातीत, मिरवणुकीत चालणारी गाणी मॅडम कित्येक वर्षं गोळा करत होत्या. गाण्यात एक जागा असते, जिथं सगळा घोळका उसळतो. तिला त्या "उडीची जागा" म्हणायच्या. गाण्याची एकूण लांबी किती आणि ही जागा कुठं येते, हे त्या प्रत्येक गाण्यात मोजायच्या. आणि त्यांना दिसलं असं, की गाणं कुठलंही असो, ही जागा गाण्याच्या साधारण पाच-आठमांशावर येते. हे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावलं. खाली लिहिलं, "मोडून दाखवा." जो मोडेल त्याला त्यांच्या आईच्या हातची शेंगाचटणी बक्षीस.

पोरं इरेला पेटली. फोनमधली गाणी घेऊन मोजायला बसायची. पण कुणालाच ते मोडता येईना. एखाद-दुसरं गाणं सुटायचं, बाकी सगळी त्याच जागेवर येऊन बसायची. मलाही नवल वाटायचं. मी स्वतः काही गाणी मोजली, आणि तीही बसली.

ही गोष्ट एका स्थानिक बातमीदाराच्या कानावर गेली, त्यानं चार ओळी छापल्या, आणि त्या चार ओळी आमच्या संस्थेच्या सचिवांनी वाचल्या. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी मला बोलावून घेतलं.

"बिराजदार, आपल्या बाईंनी शोध लावला म्हणं. तुमी मला बोलला न्हाई."

"छोटं काम आहे अण्णा. चाललंय."

"छोटं कशाला? मोठं करू की. पाहुणे बोलवू, सत्कार करू. ॲडमिशनचे दिवस जवळ आलेत. फक्त त्याला नाव चांगलं द्या. पाच-आठमांश म्हंजे रेशन दुकानातलं वाटतंय."

तेव्हा ते नाव मीच सुचवलं. सुवर्ण गुणोत्तर. गणितात ते फार प्रसिद्ध आहे, त्या मापानं छेदलेल्या रेघेचा मोठा भाग पाच-आठमांशाच्या अगदी जवळ जातो, आणि नाव फलकावर शोभतं. अण्णा खूश झाले. तिथंच त्यांनी सांगितलं की एक जागा मोकळी होते आहे, मॅडमची कायमची ऑर्डर त्याच व्यासपीठावर पाहुण्यांच्या हस्ते देऊ. मी धावत जाऊन मॅडमना नव्या नावासकट सगळं सांगितलं. त्यांनी हातातल्या वह्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाल्या, "सर, सोनं कुठून आणलंत?"

"जवळपासच आहे की मॅडम."

"जवळपास म्हणजे तेच नव्हे."

पण त्यांनी फार ताणलं नाही. ऑर्डरची बातमी आईला सांगायची घाई होती. आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि लेकीला व्यासपीठावर नेसायला नवं इरकल आणलं.

कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. अकरावीत टेंभुर्णीची कोमल नावाची मुलगी होती, वसतिगृहात राहणारी, वर्गात सहसा न बोलणारी. तिनं तासाला हात वर केला.

"मॅडम, माज्याकडं न्हाय बसत."

"किती गाण्यांत बसत नाही?"

"एकात बी न्हाय. लई येगळं येतंय."

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "टेंभुर्णीचं घड्याळ मागं असंल!" मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"गाणी कुठून आणलीस?"

"भावानं दिली. त्यो डीजे चालवतो. त्याच्याकडं पुरी गाणी हायेत."

"पुरी म्हणजे?"

"पुरी म्हंजे सुरवातीपास्नं शेवटापातूर की."

मॅडमनी खडू ठेवला आणि माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, तास संपला की गाडी काढा."

मी गाडी काढली. शहराच्या बाजारपेठेत इस्माईलभाईचं मोबाईलचं दुकान आहे. तेव्हा नेट महाग होतं, आणि फोनच्या कार्डात गाणी भरून घ्यायची पद्धत होती. आमच्या कॉलेजातली सगळी पोरं तिथूनच गाणी भरायची. मॅडमही तिथूनच, आणि मीसुद्धा. मॅडमनी कोमलकडून मागून आणलेल्या फोनवरचं एक गाणं त्याला ऐकवलं, मग तेच गाणं स्वतःच्या फोनवरचं.

"भाई, तुम्हारा गाना छोटा कैसा?"

"छोटाच रखना पडता मॅडम," तो सहज म्हणाला. "शुरू का म्युझिक लंबा रहता, वरात में पब्लिक खाली खडी रहती. वो मैं काट देतौं. पीछे का बी काट देतौं. नाच हो गया, बस. कार्ड में जास्ती गाने बैठते." मग त्यानं मॅडमचा चेहरा बघितला आणि घाबरला. "क्या हुआ? कुछ लफडा हुआ क्या?"

"नै भाई, लफडा नै. तुम बहोत एक सरीका काटते."

त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. मला म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं मी गाणी मोजत नव्हते. ह्यांची कात्री मोजत होते."

परत येताना सिव्हिल हॉस्पिटलजवळ गाडी थांबवून आम्ही उसाचा रस घेतला. मी बोलायला सुरुवात केली. आजही ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, कार्यक्रम होऊ द्या. ऑर्डर हातात पडू द्या. मग सहा महिन्यांनी सांगा, की पुढच्या अभ्यासात असं असं आढळलं. विज्ञानात असं होतच असतं.

"आणि कोमलला काय सांगू? तिनं मोडून दाखवलंय. तिला चटणी द्यायची, का गप्प बस म्हणायचं?"

"मॅडम, चार दिवसांचा प्रश्न आहे."

"चार दिवसांनी ते खरं होणार आहे का?"

मग मी त्यांच्या आईचं नाव काढलं. म्हणालो, आईंचा तरी विचार करा. ते मी काढायला नको होतं. मॅडमनी ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "आईला मी सांगते. तुम्ही माझी काळजी करताय ते कळतं सर. पण तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय, ते सुद्धा कळतं."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागं भला मोठा फलक. त्यावर मॅडमचा फोटो, सुवर्ण गुणोत्तराची खूण म्हणून एक शंखाचं चित्र, आणि खाली मी लिहून दिलेला मजकूर : "लोकप्रिय संगीतात सुवर्ण गुणोत्तराचा शोध! आमच्या महाविद्यालयाचा अभिमान." टेबलावरच्या तबकात शाल, नारळ आणि ऑर्डरचं लांबट पाकीट. मॅडम नव्या इरकलात आल्या होत्या. पहिल्या रांगेत त्यांची आई बसली होती. आईला सगळं सांगून झालं होतं, हे मला नंतर कळलं. माउली तरीही आली होती.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी आधी कापलेलं गाणं लावलं, मग पुरं. फळ्यावर दोन्हीच्या रेघा काढल्या. पहिल्यात उडीची जागा पाच-आठमांशावर, दुसऱ्यात भलतीकडंच. "अशी पुरी गाणी मोजली," त्या म्हणाल्या, "तर उडीची जागा कुठंही येते. कधी अलीकडं, कधी पलीकडं. नियम काही नाही. माझा दावा चुकला होता. तो ह्या मुलीनं मोडला. कोमल, उभी राहा."

कोमल उभी राहिली आणि लगेच बसली. टाळ्या झाल्या. पाहुणे भारावून गेले होते. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, खरा संशोधक किती विनम्र असतो त्याचं हे उदाहरण. अण्णांनी री ओढली, "बाईंचा विनय बघा! एवढा मोठा शोध लावला, आणि म्हणतायत काय, चुकलं!" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त.

मॅडम जागेवर जाऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, परत माईकपाशी आल्या.

"अण्णा, हा विनय नाही. चूक आहे. मी उंच असते आणि स्वतःला बुटकी म्हटलं असतं, तर तो विनय झाला असता. मी बुटकीच आहे."

पोरं खदखदून हसली. अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्यांनी माईकवर हात ठेवला. मी व्यासपीठाच्या पायरीवर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, झालं की आता. पाकीट घ्या आणि बसा."

मॅडमनी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि माईकमधूनच उत्तर दिलं. "हे पाकीट ह्या शोधासाठी असेल तर मला घेता येणार नाही, कारण शोध लागलेला नाही. मी इतकी वर्षं इथं शिकवते, त्यासाठी असेल तर आनंदानं घेते. कशासाठी आहे ते अण्णा, तुम्ही माईकवर सांगा."

अण्णा काही बोलले नाहीत. दोन शब्द म्हणायचे होते त्यांनी, "शिकवण्यासाठी आहे," की विषय मिटला असता. मीही पायरीवर उभा होतो. मीही ते म्हणू शकलो असतो. कायम शिक्षक होतो, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. मी फलकाकडं बघत राहिलो.

"मग मी नारळ घेते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तबकातला नारळ उचलला, पाहुण्यांना नमस्कार केला, खाली उतरल्या, पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढून कोमलच्या हातात ठेवली, आणि आईला हाताला धरून बाहेर गेल्या. आई दारातून वळून अण्णांकडं बघत तेलुगूत काहीतरी बोलली. त्याचा अर्थ मी मॅडमना कधी विचारला नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मॅडमना आणखी एक वर्ष तास मिळाले, मग तेही कमी होत होत बंद झाले. शेवटच्या दिवशी खोलीत सगळे चुळबुळत होते. मराठीचे सर म्हणाले, "वाईट झालं."

"वाईट झालं खरं," मॅडम म्हणाल्या. "पण हरले कुठं? एक दावा गेला. श्रेढी अजून उभी आहे, कुणाची टाप आहे मोडायची? आणि मला नवा प्रश्न मिळालाय. इस्माईलभाईंना कुणी सांगितलं नव्हतं, मग ते प्रत्येक गाणं त्याच मापानं का कापत होते? गाण्यात नसेल माप, पण ऐकणाऱ्यात असेल."

आणि त्या खरंच त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागल्या. त्याला न ऐकलेली गाणी कापायला द्यायच्या. तो वैतागून मला सांगायचा, "सर, मॅडम सामने बैठे तो मेरे से कटताच नै." मॅडमचं म्हणणं, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

वडिलांच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी शिकवणी सुरू केली. मागांच्या जागी बाक आले. तिथून पास होऊन पोरं आमच्याच कॉलेजात प्रवेशाला यायची. त्यांचं गणित आमच्या पोरांपेक्षा बरं असायचं.

पण तो फलक राहिला. अण्णांनी तो काढला नाही. दरवर्षी जूनमध्ये नवा छापून फाटकावर लावायचे. तोच फोटो, तोच शंख, तोच मजकूर. प्रवेश समिती माझ्याकडं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ते वाक्य बरोबर नाही."

"कोण वाचतंय बिराजदार? फोटो चांगला आलाय बाईंचा."

मी "बरं" म्हणालो. मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या. त्यांना "बघू" असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, पुन्हा "बघू." त्यानंतरच्या वर्षी त्या काळा रंग घेऊन आल्या.

तेव्हापासून दर जूनमध्ये हे चालतं. ते लावतात, त्या पुसतात. अण्णांनी पोलिसांची भीती घालून पाहिली. मॅडम म्हणाल्या, बोलवा, त्यांच्यासमोर गाणं लावून दाखवते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ह्या जूनमध्ये. फाटकापाशी प्रवेशासाठी आलेल्या पालकांची गर्दी होती, ऊन मी म्हणत होतं. मी वरच्या खिडकीतून बघितलं तर मॅडम प्लास्टिकच्या स्टुलावर उभ्या होत्या, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. केस बरेच पांढरे झालेले. आमचा पहारेकरी सिद्राम स्टूल धरून रडवेल्या आवाजात म्हणत होता, "मॅडम, माजी नोकरी जाईल की ओ."

"तू स्टूल धरलास, फलक नाही. बाई पडली असती म्हणून धरलं, असं सांग."

एक पटकेवाले म्हातारे पालक पुढं झाले. "ओ बाई, काय करताय? कशापायी खराब करताय ते?"

"खोटं आहे, म्हणून पुसतेय."

"पर फोटू तर तुमचाच दिसतुय की!"

"म्हणूनच तर पुसतेय."

म्हाताऱ्यांनी एकदा फोटोकडं, एकदा मॅडमकडं बघितलं आणि म्हणाले, "मग बराबर हाय." आणि स्टुलाची दुसरी बाजू त्यांनी धरली.

माझा फोन वाजला. अण्णा. "बिराजदार, खाली जा आणि त्या बाईला उतरवा. आत्ता."

मी खाली गेलो. मॅडमनी मला वरून बघितलं. "या सर. 'लोकप्रिय संगीतात सुवर्ण' इथपर्यंत झालं. 'गुणोत्तराचा' अर्धं राहिलंय, हात पोचत नाही. तुम्ही उंच आहात."

त्या स्टुलावरून उतरल्या आणि ब्रश माझ्यासमोर धरला. फोन खिशात तसाच चालू होता, अण्णांचा आवाज बारीक बारीक ऐकू येत होता. पालक बघत होते, त्यातले काही माझे जुने विद्यार्थी. मी ब्रश घेतला. स्टुलावर चढलो. रंग मनगटावरून बाहीत ओघळला.

"'शोध'सुद्धा पुसा," मॅडम मागून म्हणाल्या. "शोध लागलाच नव्हता."

मी तोही पुसला. आता फलकावर त्यांचा फोटो उरला होता, शंख उरला होता, आणि सगळ्यात खाली "आमच्या महाविद्यालयाचा अभिमान" ही ओळ. मी ब्रश तिच्यावर नेला आणि थांबलो.

"हे पुसू का ठेवू?"

मॅडम डब्याचं झाकण बसवत होत्या. "त्यातलं मला काय माहीत? ते वाक्य तुमचं आहे सर. खरं असेल तर ठेवा."

माझ्या हातातला ब्रश त्यांनी काढून घेतला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, सिद्रामला आणि त्या म्हाताऱ्यांना हात जोडले, आणि पदर डोक्यावर ओढून रस्त्यावर उतरल्या. समोरून रिक्षा, टमटम, दुचाकी येत होत्या. मॅडमनी डबा धरलेला हात वर केला. गाड्या थांबल्या. त्या घाई न करता, सरळ रेषेत पलीकडं गेल्या.

मी ती ओळ ठेवली.